फिलोमेनची ढेप

दार ओढून घे रे त्या बाजूचं, भट्टीची ऊब बाहेर चाललीय. आणि क्लॉदीन, पिठावरचं कापड सारखं उचलून बघू नकोस, बघितल्यानं पीठ लवकर फुगत नाही. अजून दोन तास तरी आहेत. काळ्या पावाची भट्टी लागली की रात्री कुणी झोपायचं नाही, हा ऑर्सेवेलचा नियम तुमच्या पणज्यांच्याही आधीचा. तेव्हा बसा. रेतो, तूही बस. या गावचा जावई होणार आहेस, आतापासून जागायची सवय लावून घे.

क्लॉदीन मघाशी म्हणाली, मामा, झकारींची गोष्ट सांगा, आई म्हणते तुम्ही ती नेहमी अर्धीच सांगता. बरोबर आहे तिच्या आईचं. माझी बहीणच ती, तिला माझे सगळे कानेकोपरे ठाऊक. अर्धी सांगतो कारण उरलेल्या अर्ध्यात मी काही फारसा बरा दिसत नाही. आज पूर्ण सांगतो. ऐकीव नाही ही. झकारीकाका माझे शेजारी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या तळघराचं दार सरळ समोर दिसतं, आणि त्या खिडकीत मी दिवसाचा किती वेळ असतो ते गावात कुणालाही विचारा.

तारीख ११ डिसेंबर २०२१. शनिवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वेळ नेमकी आठवते, कारण साडेसातच्या बातम्यांच्या आत परत येऊ असं मी धरून चाललो होतो. काम लहानसं. एक कागद न्यायचा, झकारीकाकांची सही घ्यायची, परत यायचं.

कागद रोझलीनबाईंचा. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि शाळा बंद झाली, दोन्ही एकाच वर्षी. मग बाईंनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. बिशपच्या कुठल्याशा कातड्यावर लिहिलेल्या दस्तात १२२१ साली आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा आलंय म्हणे, म्हणजे आठशे वर्षं झाली, म्हणून पुस्तक. कुठल्या साली आग लागली आणि अकरा घरं गेली, साथीत किती माणसं उरली, चर्चची घंटा खालच्या गावातून कुणी कुणी खांद्यावर वाहून आणली, पाण्याचा पाट कड्यावरून आणताना कोण कोण पडलं, सगळं त्यात. आणि शेवटी प्रत्येक घराला एक पान. माझ्या घराच्या पानावर बाईंनी आजोबांना ‘चोरटा माल वाहणारा’ लिहिलं होतं. मी म्हटलं, बाई, निदान व्यापारी लिहा. बाईंनी ‘रात्री सीमेपलीकडे ये-जा करणारा व्यापारी’ असं केलं. 

पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. ज्या घरात माणूस जिवंत आहे त्याची सही त्या पानावर हवी, असा बाईंचा कडक नियम. झकारीकाकांचं पान तेवढं राहिलं होतं, कारण काका दहा आठवडे खाली इस्पितळात होते. खुब्याचं हाड मोडलेलं. त्याच दुपारी गाडीनं त्यांना वर आणून सोडलं होतं, तेही दोन दिवसांसाठी. सोमवारी ते खालच्या वृद्धाश्रमात जाणार होते. कायमचे.

पान मी वाटेत वाचलं. घडी घातलेलं होतं, पाकिटात नव्हतं, मग काय करणार. शेवटची ओळ अशी होती: ‘पत्नी फिलोमेन, ऑक्टोबर १९६८ मध्ये गाव सोडून गेली.’

मी तिथे बर्फात थोडा वेळ उभा राहिलो. का, ते सांगतो.

फिलोमेनला मी पाहिलेलं आठवत नाही, मी तेव्हा पाळण्यात होतो. बावीस वर्षांची होती. लग्नाला सव्वा वर्ष. झकारीकाका सव्वीसचे, उन्हाळ्यात वरच्या कुरणावर गावाचं चीज बनवायचे. सप्टेंबरअखेर गुरं खाली आली तरी चीजच्या काही ढेपा वरच्याच तळघरात राहत, आणि दर शनिवारी कुणीतरी वर जाऊन त्या उलटून, मिठाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून यायचं. १२ ऑक्टोबर १९६८ चा शनिवार काकांचा होता. पण शुक्रवारी रात्री चुलतभावाचं लग्न झालं होतं, काका सकाळी उठलेच नाहीत. फिलोमेन म्हणाली, झोपा तुम्ही, मी जाऊन येते. एवढं त्यांनी झोपेत ऐकलं. निदान ऐकल्यासारखं वाटलं.

दुपारी बर्फ सुरू झाला. अंधार पडला तरी ती आली नाही. चौदा माणसं कंदील पेटवून चर्चसमोर जमली, वर निघायला. आणि त्यांना सांगितलं गेलं की कशाला जाता, फिलोमेन चारच्या पिवळ्या बसनं खाली गेली, मी खिडकीतून पाहिलं. डोक्याला तिचा लाल रुमाल, हातात बॅग.

चौदा जणांनी कंदील जमिनीवर ठेवले.

हे सांगणारी बाई माझी आई होती. हो, क्लॉदीन. तुझी आजी, बिबियान.

मग पुढचं आपोआप होत गेलं. बोगद्याच्या कामावरचा एक मुकादम त्याच आठवड्यात काम सोडून गेला होता, गावानं दोघांची सांगड घातली. मे महिन्यात बर्फ वितळून वाट उघडल्यावर काका वर गेले, तर तळघरातल्या ढेपा त्यांनी शेवटच्या ठेवल्या होत्या तशाच, कुजलेल्या. कुणी हात लावलेला नव्हता. म्हणजे ती वर गेलीच नाही, काकांनी असं धरलं. तिच्या माहेरचेही हळूहळू बोलायचे थांबले.

पण एक गोष्ट काकांनी सोडली नाही. रेतो, तुझ्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्नात चीजच्या दोन ढेपा धरतात. दोन्ही घरच्या गाईंचं दूध एकत्र करून. एक त्याच्या नावाची, एक तिच्या नावाची, वर नावाची अक्षरं आणि साल कोरलेलं. त्या तळघरात ठेवायच्या, जपायच्या, आणि ज्याची त्याची माती झाली की त्या दिवशीच्या जेवणात कापायच्या. सगळ्या गावानं एकेक तुकडा खायचा. त्याशिवाय माणूस सुटत नाही म्हणतात. फिलोमेनची ढेप तळघरात उजव्या फळीवर होती. कापायची म्हणजे ती मेली असं म्हणायचं. न कापायची म्हणजे ती निघून गेली असं म्हणायचं. काका काहीच म्हणाले नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी तळघरात जायचे, दोन्ही ढेपा उलटायचे, पुसायचे, फडकं खिळ्याला अडकवायचे आणि वर यायचे. त्रेपन्न वर्षं. निम्मी तर मीच मोजलीत खिडकीतून.

तर मी दार वाजवलं. आतून आवाज आला, ये, उघडंच आहे, तू काय परका आहेस.

काका कोट अंगावर ठेवूनच टेबलाशी बसले होते. दोन काठ्या खुर्चीला टेकलेल्या, बुटांना बर्फ. मी ओरडलोच त्यांच्यावर, हाड मोडलेल्या माणसानं चौदा पायऱ्या उतरून तळघरात जायचं काय कारण. ते हसले. म्हणाले, शनिवार नाही का आज. मग त्यांनी वाइनची बाटली पुढे सरकवली आणि माझा हात धरला.

‘‘नार्सिस, मला वाटलं नव्हतं तू इतकं मनापासून करशील.’’

मला कळेना.

‘‘ढेपा रे. तिथे पडल्या पडल्या मी विचार करायचो, हा खिडकीतून बघणारा माणूस, याच्या हातून काय व्हायचं. पण वा. ढेपेची साल अशी आहे की जणू मीच पुसलीय. आज मला करायला कामच ठेवलं नाहीस, नुसत्या बघून आलो.’’

इथे माझी अर्धी गोष्ट सुरू होते, पोरांनो, जी मी सांगत नाही. काका इस्पितळात गेले तेव्हा तळघराच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांनी मला दिली होती आणि दर शनिवारचं वचन घेतलं होतं. पहिल्या शनिवारी मी गेलो. ढेपा पुसल्या, वरच्या घरातही जरा फिरून आलो, दोन-चार कप्पे उघडून पाहिले, ते असो. दुसऱ्या शनिवारी खाली गाईंच्या झुंजी होत्या. तिसऱ्या शनिवारी गुडघा दुखत होता. मग राहिलंच. काका फोनवर विचारायचे, मी म्हणायचो, झालं काका, उलटल्या, पुसल्या, काळजी नको. किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती. दहापैकी नऊ शनिवार त्या दाराला कुणी हात लावला नाही. खिडकीतून दिसतं मला ते दार.

मी वाइन प्यायलो आणि काही बोललो नाही. सोपं असतं ते.

मी कागद काढून पुढे ठेवला. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. वडिलांचं, आजोबांचं, आगीत गेलेल्या गोठ्याचं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसले. मी म्हटलं, बाईंना सांगून बदलता येईल. ते म्हणाले, काय बदलणार, गाव तेच म्हणत आलंय, आता छापील म्हणेल. पेन मागितलं. मी दिलं. पेनाचं टोपण काढून ते म्हणाले, सोमवारी मी गेल्यावर एक काम कर. उजव्या फळीवरची ढेप उचल आणि कुणाच्या तरी डुकरांना घाल.

मी म्हटलं, काका, असं काय बोलता.

म्हणाले, ती गेली तर गेली. मी उगाच एका बाईच्या मातीची ढेप धरून बसलो, जी कदाचित लोझान शहरात नातवंडं खेळवत असेल. इस्पितळात वेळ होता, विचार केला. दमलो रे आता.

पेन कागदावर टेकलं. आणि मग ते मान वर करून, सहज विचारावं तसं म्हणाले,

‘‘एवढं सांग. फडकं चौघडी घालून भांड्याच्या काठावर ठेवायचं तुला कुणी शिकवलं?’’

मी म्हटलं, कुठलं फडकं.

‘‘खाली आहे ते. मी तर खिळ्याला अडकवतो. आमच्यात भांडण व्हायचं त्यावरून. ती म्हणायची, खिळ्याचा गंज लागतो, मी म्हणायचो, काठावर ठेवलं की पाण्यात पडतं. फिलोमेन सोडून तसं कुणी ठेवत नाही.’’

मी घड्याळाकडे पाहिलं. बातम्यांची वेळ होऊन गेली होती.

मी म्हणालो, काका, मी गेलोच नाही.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी पुन्हा सांगितलं. पहिल्या शनिवारनंतर मी गेलो नाही. फोनवर खोटं बोललो. आणि त्या पहिल्या शनिवारी मी फडकं तसंच ओलं, जमिनीवर टाकून आलो होतो.

काकांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा... रागावले असते तर बरं झालं असतं. ते दाराकडे बघत होते.

‘‘मी होतो तोवर मी करत होतो,’’ ते म्हणाले. ‘‘मी नव्हतो तेव्हा...’’

वाक्य पुरं केलं नाही. काठ्या घेतल्या आणि उठले.

पायऱ्या घराच्या बाहेरून उतरतात, तुम्ही पाहिल्यात. बर्फ दुपारीच थांबला होता. चांदणं होतं. पायऱ्यांवर काकांच्या मघाच्या खुणा होत्या, दोन बूट आणि दोन काठ्या, खाली जाणाऱ्या आणि वर येणाऱ्या. दुसरी एकही नाही. मी त्यांना कमरेला धरून एकेक पायरी उतरवत होतो. माझी किल्ली घरीच. त्यांची त्यांच्या खिशात. दाराला कुलूप.

दहाव्या पायरीवर ते थांबले.

मलाही ऐकू आलं.

आतून. लाकडावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज. मग... घासल्याचा. गोल. हळू. ओल्या फडक्याचा. मी जन्मभर ऐकलाय तो आवाज, चुकणार नाही. गोल... गोल... मग थांबला. पाणी पिळल्यासारखं झालं. मग पुन्हा.

मी काकांच्या कोटाला धरलं. तिरपांगड्या झरोक्यात उजेड नव्हता. आत अंधार होता. अंधारातच कुणीतरी काम करत होतं.

काका कुजबुजले, घाई करू नकोस. तिचं पुसून होऊ दे.

आम्ही उभे राहिलो. किती वेळ, माहीत नाही. पाय गोठले. आवाज थांबला.

मग काहीच नाही.

मग काकांनी खिशातून किल्ली काढून मला दिली.  मी लावली. दार उघडलं. दिवा लावला.

कुणी नव्हतं.

डावीकडे काकांची ढेप. उजवीकडे तिची. मघाशी काकांनी पाहिली तेव्हा अक्षरं वर होती, असं त्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं. आता अक्षरं खाली होती. ढेप उलटलेली. साल ओली, दिव्यात चमकत होती. भांड्याच्या काठावर फडकं, चौघडी. त्याच्या कोपऱ्यावर एक थेंब फुगत फुगत... पडला.

आणि वास. मिठाचा, चीजचा, तो असतोच. पण ओल्या लोकरीचा वास होता. बर्फातून लांबून चालत आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा.

मी पळालो नाही. धीट आहे म्हणून नव्हे. माझ्याकडे सांगायची अजून एक गोष्ट होती. खोटं एकच नव्हतं.

मी काकांना तिथेच सांगितलं. १९९९ च्या फेब्रुवारीत आई गेली. जाण्याच्या आदल्या रात्री तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, मी तोंड पाहिलं नव्हतं रे. पाठमोरी बाई होती, लाल रुमाल होता, मी म्हटलं फिलोमेनच. मग सगळे विचारायला लागले, आणि मी सांगत गेले. बॅग होती असं मीच म्हणाले. बॅग नव्हती. मेमध्ये सांगणार होते, तोवर सगळं गाव तेच बोलत होतं. झकारीला सांग. दुसऱ्या दिवशी आई गेली. मी सांगितलं नाही. आईची माती ओली होती, लोक तिला काय म्हणतील. मग एक वर्ष गेलं. मग बावीस.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते फळीपाशी गेले. एक काठी पडली, ती त्यांनी उचलली नाही. हात ढेपेवर ठेवला.

‘‘फिलो,’’ ते म्हणाले. ‘‘तू वरच निघाली होतीस ना.’’

...

थेंब पडला.

‘‘मी झोपलो होतो,’’ ते म्हणाले. ‘‘मला उठायला हवं होतं.’’

 थंडी होती, पण मघासारखी नाही. काका तसेच उभे होते, ढेपेवर हात ठेवून, आणि एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस रडत होता, आवाज न करता. मी दिव्याकडे बघत राहिलो. पहिल्यांदाच मला कुणाकडे बघायचं नव्हतं.

शेवटी म्हणाले, नार्सिस, ढेप उचल. वर घे. जपून, तिला धक्का लागू देऊ नकोस.

स्वयंपाकघरात त्यांनी कागद ओढला, शेवटची ओळ खोडली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं. मग मला म्हणाले, जा, फादरना उठव. उद्या चर्चमधल्या मिस्सानंतर फिलोमेनच्या मातीचं जेवण आहे म्हणावं.

फादर उठले, कुरकुरले, आणि मी का आलोय ते ऐकून बूट चढवायला लागले. रविवारी, १२ डिसेंबरला, कुणाची माती असते तशी घंटा वाजवली. मागे शवपेटी नव्हती, पुढे खड्डा नव्हता. त्रेचाळीस माणसं पंचायतीच्या खोलीत बसली, काळा पाव, बरणीतले जर्दाळू, खालच्या मळ्यातली वाइन. ढेप करवतीसारख्या सुरीनं कापावी लागली. चोपन्न वर्षांची, आत अक्रोडाच्या लाकडाच्या रंगाची. खारट, कडू, आणि शेवटी जिभेवर थोडी गोड. त्या दोन घरांतल्या गाई कधीच्या गेल्या, त्यांचं दूध आम्ही त्या दिवशी खाल्लं.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर आईचं सांगितलं. माझंही. माझ्या बहिणीनं ताट लोटलं आणि उठून गेली, चार महिने बोलली नाही माझ्याशी. तुला कारण ठाऊक नव्हतं ना, क्लॉदीन? ते हे.  त्या चौदा कंदीलवाल्यांपैकी एकटे सिप्रियँआजोबा तेव्हा उरले होते. ते चावत होते तो तुकडा त्यांनी गिळला आणि म्हणाले, बिबियानला खोटं बोलायची सवय नव्हती, घाई होती. आणि आम्ही? आम्हाला थंडी वाजत होती. कंदील ठेवायला बरंच वाटलं होतं आम्हाला.

 काकांनी आपला तुकडा सगळ्यात शेवटी खाल्ला.

सोमवारी गाडी आली. गाडीत बसताना त्यांनी माझ्या गालावर थाप मारली, जोरात, माफी होती की मार होता ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुस्तक छापून आलं. एकशे बाराव्या पानावर बघा, ‘पत्नी फिलोमेन, १२ ऑक्टोबर १९६८ रोजी कुरणाच्या वाटेवर वारली.’ सापडली नाही ती. अजून नाही सापडली.

मार्चमध्ये काका गेले. झोपेत. त्यांची ढेप डाव्या फळीवरून आणली, त्याच खोलीत कापली. तिची चव जरा निराळी होती, त्यांनी मीठ जास्त घातलं असणार. फिलोमेन असती तर बोलली असती.

दुसऱ्या दिवशी मी तळघर झाडलं. भांड्यातलं मिठाचं पाणी बाहेर बर्फावर ओतलं, भांडं पालथं घातलं. फडकं इथे आणलं आणि याच भट्टीत जाळलं. या दारातून आत टाकलं, बघा. कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात, काकांचा भाचा बाझेलमध्ये असतो, त्यानं मलाच ठेवायला सांगितल्या.

जूनमध्ये घर बघायला एक जोडपं आलं. भली माणसं. वरचं सगळं पाहिलं, मग म्हणाले, तळघर दाखवा. मी पुढे उतरलो. कुलूप गंजलेलं, तेल घालावं लागलं. दार मी आधी एकट्यानंच उघडलं, दिवा लावून आत गेलो, आणि बाहेर येऊन लगेच ओढून घेतलं. त्यांना म्हटलं, आत छत कच्चं आहे, आज नको. ते गेले. घर अजून विकलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी त्या खिडकीचा पडदा ओढून घेतो. तुझ्या आईला विचार, गावभर चेष्टा झाली, नार्सिसला पडदा असतो हे माहीत आहे म्हणून.

जूनमध्ये दार उघडलं तेव्हा आत फळ्या रिकाम्या होत्या. धूळ नव्हती. भांडं सरळ ठेवलेलं, काठोकाठ भरलेलं. आणि फडकी होती. जाळलं ते एक होतं, तिथे दोन. एक भांड्याच्या काठावर, चौघडी. दुसरं खिळ्याला अडकवलेलं.

मी दोन्हींना हात लावून पाहिला.

ओली होती.